आधी शांत दिवस पाठ कर

चुंबकीय वादळ बघायची घाई करू नकोस, पोरी. नव्याने वेधशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला तीच घाई असते. सूर्यावर काही फुटल्याची बातमी आली की स्क्रीनसमोर खुर्ची ओढायची आणि रेघ कधी खाली जाते याची वाट बघत बसायचं. पहिले काही महिने तू उलटं कर. ज्या दिवशी काहीच घडलं नाही अशा दिवसांच्या नोंदी काढ आणि त्याच बघत बस. आपल्या अलिबागला एचची, म्हणजे चुंबकक्षेत्राच्या आडव्या घटकाची, रेघ शांत दिवशी पहाटे कुठे असते, सूर्य वर आला की कशी चढायला लागते, अकरा-साडेअकराच्या सुमारास कुठवर पोचते, दुपार कलली की कशी उतरते, हे न बघता कागदावर काढता आलं पाहिजे. हा चढ साधारण चाळीस-पन्नास गॅमांचा. ऋतूप्रमाणे बदलतो, आजचा उद्यासारखा नसतो. गॅमा म्हणजे तुमचा नॅनोटेस्ला. आमच्या पिढीची जीभ गॅमावरच अडकली. आकडा तोच राहतो, नाव तेवढं तू मनात बदलून घे.

हे एवढं कशाला, तर वादळ मोजणं म्हणजे शेवटी वजाबाकी करणं. उपकरण पृथ्वीचं, आकाशातल्या प्रवाहांचं आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या ट्रकचं, असं सगळ्यांचं मिळून एकच चुंबकक्षेत्र दाखवतं. आंब्याची पेटी काट्यावर ठेवली की पेटी, पेंढा आणि आंबे यांचं वजन एकत्र येतं. रिकामी पेटी आधी तोललेली नसेल तर आंबे किती आहेत हे कुणाला सांगता येणार नाही. इथे पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे आपला एच, ३८,००० गॅमांच्या वर आहे. चांगलं घसघशीत वादळ त्यातून शे-दोनशे गॅमा खाली ओढतं. अर्धा टक्का म्हण. तो अर्धा टक्का नेमका किती, एवढंच आपलं काम.

दिवसाचा तो चढ येतो डोक्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे. उन्हाने तिथली हवा विद्युतभारित होते, वारे तिला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून ढकलतात आणि प्रवाह सुरू होतो. दक्षिणेला तिरुनेलवेलीकडे गेलीस तर हाच चढ कितीतरी मोठा दिसेल, कारण चुंबकीय विषुववृत्तावर या प्रवाहाचा अरुंद आणि जोरदार पट्टा आहे. म्हणून एका ठिकाणची शांत रेघ दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीतून वजा करायची नाही. आणखी एक गोष्ट. वादळाच्या दिवशी हे वरचे प्रवाह स्वतःच बिथरतात, त्यामुळे दुपारी केलेली वजाबाकी नेहमी थोडी संशयास्पद असते. वादळ किती खोल गेलं ते आधी मध्यरात्रीच्या आसपासच्या आकड्यांत बघ. रात्री वरचा प्रवाह जवळजवळ बंद असतो, त्यामुळे उरतं ते बऱ्यापैकी वादळाचंच.

प्रत्येक महिन्याचे पाच सर्वांत शांत आणि पाच सर्वांत अशांत दिवस जगभरासाठी जाहीर होतात; ती यादी जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून येते. ती वापर, पण तिला शरण जाऊ नकोस. सूर्य खवळलेला असला की त्या महिन्यातले पाच शांत दिवसही नावालाच शांत असतात. सूर्य थंड पडलेला असला की यादीतले अशांत दिवस इतके गरीब असतात की त्यांची दया यावी. यादी त्या महिन्यापुरता क्रम लावते, एवढंच. आपल्या जागेची शांतता किती शांत, ते यादीत नसतं. ते आपल्याला डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

आता लोखंडाचं. थिओडोलाइटच्या खोलीत जाण्याआधी स्वतःला तपासायची सवय लाव. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, बेल्टचं बकल हे सगळ्यांना आठवतं. विसरतात ते केसांतले चाप, ओढणीला लावलेली सेफ्टी पिन, चष्म्याच्या काड्यांमधली बारीक तार आणि चपलेच्या टाचेतले खिळे. काचेच्या बांगड्या, सोनं, चांदीची जोडवी यांनी काही बिघडत नाही. पण मंगळसूत्राचा आकडा कशाचा आहे ते बघून घे. स्टीलच्या डब्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नकोस. स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही असं लोक सांगतात, पण ठोकून-दाबून आकार दिला की त्यातलंही बरंच थोडं थोडं चुंबकीय होतं. शंका आली की वस्तू चालू फ्लक्सगेटजवळ, म्हणजे क्षेत्रातले बदल नोंदवणाऱ्या उपकरणाजवळ, न्यायची आणि आकडा हलतो का ते बघायचं. त्याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

अंतराचा हिशेब तोंडपाठ ठेव. लोखंडाच्या एकट्या तुकड्यापासून अंतर दुप्पट केलं की त्याचा परिणाम आठव्या हिश्श्यावर येतो, तिप्पट केलं की सत्ताविसाव्या. म्हणून एखादी मोटार दहा मीटरवर रेकॉर्ड बिघडवते आणि पन्नास मीटरवर जवळजवळ दिसतही नाही. माळीबाबांचा कोयता हातभर अंतरावर कुंपणापलीकडच्या बसपेक्षा जास्त त्रास देतो. त्यांच्याशी गोड बोलून ठेव. गवत कापायचं असलं की आधी सांगायचं, आपण वेळ लिहून घ्यायची, मग कापायचं. त्यांना वैतागायला लावलंस तर ते न सांगता कापतील आणि मग तुला त्यात सूक्ष्म वादळ दिसेल.

सह्याद्रीचा काळा दगडही निष्पाप नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, भाजलेल्या विटेतही चुंबकत्व उतरतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाळूत चुंबक फिरवलास तर काळे कण मिशीसारखे त्याला लटकतात. म्हणूनच अलिबागची जुनी इमारत बांधताना पोरबंदरचा दगड तपासून आणला आणि लोखंडाचा खिळासुद्धा टाळला. ज्यांनी ती बांधली त्यांना हा कडवा धडा मुंबईने दिला होता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय मोजणी सुरू झाली. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे ही आपली माणसं त्या वेधशाळेशी जोडलेली होती, हे शाळेत कुणी सांगत नाही. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि लोखंडाच्या तुकड्यासारखा अंतराबरोबर झटकन विरतही नाही. तो दूरवर त्रास देत राहतो. तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी वेळेवर हालचाल केली. ट्राम १९०७ मध्ये धावली, पण अलिबाग १९०४ मध्येच सुरू झालं होतं.

मूससाहेबांची खरी हुशारी मात्र जागा निवडण्यात नाही, मधल्या दोन वर्षांत आहे. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि साठ वर्षांची जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. हे तू तुझ्या कामात उतरव. नवं उपकरण आलं की जुनं लगेच काढून कपाटात ठेवायचं नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू दे, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे. वरून कुणी घाई केली तर हे उदाहरण सांग. ऐकतील की नाही ते मात्र त्यांच्यावर.

रेघ हलली की पहिला प्रश्न हा की हललं काय: आकाश, उपकरण की शेजारचा बंगला? अलिबागला आता शनिवार-रविवारच्या बंगल्यांची बांधकामं थांबत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच झाला आहे. लोखंड येऊन उभं राहिलं की रेकॉर्डमध्ये पायरी दिसते. रेघ एका क्षणात वर किंवा खाली जाते आणि तिथेच सरळ चालू राहते; लोखंड हललं की तितक्याच उंचीची पायरी उलटी उतरते. वादळाला असा चौकोनी स्वभाव नसतो. ते ज्या उंचीवरून निघालं तिथे मोजून परत येत नाही, आणि येताना दिवस घेतं. वीज चमकली की एकच टोचरा दात दिसतो. खोलीचं तापमान चढलं की रेघ दिवसभर सावकाश वाहत जाते, उन्हाच्या मागून काही तासांनी. त्यासाठी तापमानाची नोंद कायम शेजारी उघडी ठेव.

आणि मग सर्वांत मोठी खूण. वादळ आलं ते अलिबागला एकट्याला येत नाही. जपानमधल्या काकिओकाला, दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानसला, हवाईच्या होनोलुलूला तो पहिला धक्का जवळजवळ त्याच मिनिटाला पोचतो. तुझ्याकडे रेघ पन्नास गॅमा उडाली आणि त्या तिघांना काहीच माहीत नसेल, तर आधी उठून फाटकापर्यंत चालत जा.

दुसरी तपासणी घरातल्या घरात होते. फ्लक्सगेट एच, डी (दिक्पात) आणि झेड (उभा घटक) वेगवेगळे देतो. प्रोटॉन मॅग्नेटोमीटर एकूण क्षेत्र, म्हणजे एफ, स्वतंत्रपणे मोजतो. एच आणि झेडच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलंस तर एफ यायला हवा. दोघांतला फरक स्थिर असेल, तर वादळ कितीही थयथयाट करो, उपकरणं शहाणी आहेत. फरकानेच उडी मारली तर वादळ वगैरे विसर आणि केबल तपास. प्रोटॉनबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. त्यात लोखंडाची सुई नाही, झीज नाही. पाण्यातले किंवा केरोसिनमधले प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्रात डोलतात आणि त्यांची वारंवारता मोजायची, बस. अलिबागच्या साधारण ४३,००० गॅमांना ती १,८३० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे माणसाच्या कानाला सहज ऐकू येणाऱ्या पट्टीत.

संगणक हल्ली दात आपोआप घासून काढतो, त्याची सोय मोठी आहे. पण ती साफसफाई वादळाच्या दिवशी बंद ठेव. वादळाचा पहिला धक्का दोन-चार मिनिटांत पन्नास गॅमांवर जाऊ शकतो, आणि यंत्राच्या हिशेबाने तो दोष असतो. सूर्याकडून आलेला झोत पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, कवच आत दाबलं जातं आणि एच वर उडतो. नवशिके इथेच गोंधळतात. वादळ म्हणजे रेघ खाली जाणार असं त्यांनी वाचलेलं असतं, आणि ती तर वर गेली. घाबरू नकोस, थांब. झोतातलं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर तासा-दोन तासांत खरी घसरण सुरू होते. पृथ्वीभोवती काही पृथ्वी-त्रिज्यांच्या अंतरावर भारित कणांचं एक कडं पश्चिमेकडे वाहू लागतं आणि त्याचं क्षेत्र आपल्या एचच्या उलट असतं. ते क्षेत्र उत्तरेकडेच राहिलं तर धक्का येऊन जातो आणि पुढे काहीच होत नाही. अशा वेळी निराश चेहरा करू नकोस. तीही नोंद आहे.

धक्का आणि भडका यांची गल्लत करू नकोस. सूर्यावर भडका उडाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि दिवस असलेल्या बाजूला रेघेवर हुकासारखा छोटा आकडा उमटतो. जुने लोक त्याला क्रोशे म्हणत. इथे रात्र असेल तर दिसणारही नाही. वादळ येतं ते त्यानंतर, बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांनी. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टनने इंग्लंडमध्ये सूर्यावरचा भडका डोळ्यांनी पाहिला, तेव्हा लंडनजवळच्या क्यू इथल्या रेकॉर्डवर असा छोटा आकडा उमटला. त्यामागून वादळ आलं ते फक्त साडेसतरा तासांच्या सुमारास. एवढी घाई सूर्य क्वचितच करतो.

ते वादळ २ सप्टेंबरला सकाळी मुंबईत पोचलं, आणि कुलाब्याच्या माणसांनी ते मोजलं. तेव्हा तिथे छायाचित्राचा कागद फिरत नव्हता. दुर्बिणीतून पट्टी वाचायची आणि हाताने लिहायची. नेहमीच्या दिवशी तासातासाला वाचन व्हायचं, चुंबक बिथरला की पाव-पाव तासाने आणि त्याहूनही लवकर. त्या दिवशी एच सुमारे १,६०० गॅमा खाली गेला. १,६०० हा आकडा नीट बघ. शे-दोनशेला आपण घसघशीत म्हणतो. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, गुरबक्ष लखीना आणि शोभना अॅलेक्स यांनी त्या वाचनांवर शोधनिबंध लिहिला तेव्हा जगाला कळलं, की युरोपातल्या बऱ्याच वेधशाळांची रेघ कागदाबाहेर गेली होती आणि विषुववृत्ताकडच्या बाजूची धड नोंद कुलाब्याकडे होती. घसरणीतला किती भाग कड्याचा आणि किती दुसऱ्या प्रवाहांचा, यावर आजही अभ्यासक भांडतात. त्यांना भांडता येतं, कारण कुणीतरी त्या सकाळी पट्टीवरून नजर हटवली नाही.

म्हणून वादळाच्या रात्री तुझ्या हाताशी लॉगबुक आणि पेन्सिल पाहिजे. वीज जाईल, यूपीएस कण्हेल, नेट तुटेल. पावसाळ्यात तर हे ठरलेलंच. उपकरण मर्यादेबाहेर गेलं तर प्रोटॉन चालू आहे ना ते बघ, त्याचा आकडा दर पाच मिनिटांनी हाताने लिहायला लाग. फोटोच्या कागदाच्या काळात चांगल्या मॅग्नेटोग्राफला प्रकाशाचे राखीव ठिपके असायचे. मुख्य ठिपका कागदाबाहेर पडला की काचेच्या लोलकातून आलेला दुसरा ठिपका आत शिरायचा. मोठ्या वादळात दोन-तीन रेघा एकमेकींत गुंतायच्या आणि सकाळी लाल दिव्यात कागद धुऊन झाल्यावर कुठली कुणाची हे लावत बसावं लागायचं. जुने कागद कधी स्कॅन करायला घेतलेस तर हे लक्षात ठेव. रेघ अचानक वरच्या कडेने परत आली म्हणजे वादळ ओसरलं असं नव्हे, तो राखीव ठिपका असतो.

वेळेचं तर मी कुणालाही शंभरदा सांगेन. वेधशाळेचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, कारण नोंदी जागतिक वेळेत ठेवतात. १० मे २०२४ चं वादळ घे. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. धक्का आला १७ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे रात्री १० वाजून ३५ मिनिटांनी. सर्वांत खोल घसरण झाली ११ तारखेच्या सकाळी, आपल्याकडे आठच्या सुमारास. मधे पहाटे साडेपाचला तारीख पलटली. ज्यांनी घड्याळ आणि कॅलेंडर यांची सरमिसळ केली त्यांच्या फाइलीत अर्धं वादळ एका दिवशी आणि अर्धं भलत्याच दिवशी गेलं असेल. लॉगबुकात प्रत्येक ओळीपुढे जागतिक वेळ लिही. भारतीय वेळ लिहायचीच असेल तर कंसात, आणि तसं स्पष्ट म्हणून. त्याच रात्री लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल झाक कॅमेऱ्याने टिपली. आपल्याकडे आकाशात काही दिसेल म्हणून गच्चीवर जाऊन बसू नकोस. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्राने छापलं होतं खरं, पण अशा संधी पिढ्यांनी एकदा येतात आणि तेवढ्यात तुझ्या खोलीतलं वाचन चुकतं.

ऍब्सोल्यूटचा, म्हणजे क्षेत्राच्या पूर्ण किमती मोजण्याचा, कंटाळा करू नकोस. फ्लक्सगेट फक्त बदल सांगतो. शून्य कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. ते थिओडोलाइटवर दिक्पात आणि नती मोजून, प्रोटॉनने एफ घेऊन आपण ठरवायचं, आठवड्यातून निदान एकदा. दुर्बीण उलटी-सुलटी, सेन्सर इकडे-तिकडे, अशा दिक्पातासाठी चार आणि नतीसाठी चार स्थिती घेतल्या की सेन्सरच्या बसण्यातला वाकडेपणा सरासरीत कापला जातो. सुरुवातीला दूरच्या खुणेवर दुर्बीण लावून वाचन घे, शेवटी पुन्हा घे. दोन्हींत फरक पडला तर थिओडोलाइट मधे हलला आहे. कारण शोधत बसू नकोस, सगळं पुन्हा कर. प्रत्येक वाचनासमोर मिनिट आणि सेकंद लिही.

शिकवणारे बहुधा सांगतात की ऍब्सोल्यूट शांत वेळीच घ्यावा. बरोबर आहे, पण मी एखादा मुद्दाम वादळाच्या उतरणीवर घ्यायला सांगेन. बेसलाइन म्हणजे ऍब्सोल्यूट आणि फ्लक्सगेट यांतला फरक. आकाशात काहीही चालू असलं तरी तो बदलायला नको. शांत दिवशी एक बेसलाइन आली आणि एच दीडशे गॅमा खाली असताना दुसरीच आली, तर फ्लक्सगेटचं मापन-प्रमाण चुकलं आहे किंवा त्याचा अक्ष तिरका बसला आहे. शांत दिवसांत हा दोष दिसतच नाही, कारण रेघ फारशी हलतच नाही.

के-आकडे देणं तुला एका आठवड्यात जमेल. तीन तासांचा तुकडा घ्यायचा, शांत रेघ वजा करायची, उरलेल्या हालचालीचा पल्ला बघायचा आणि शून्य ते नऊमध्ये बसवायचा. दिवसाला आठ आकडे. हे कोष्टक युलिउस बार्टेल्सने घडवलं, आणि नऊला लागणारा पल्ला जागेप्रमाणे वेगळा असतो. जर्मनीतल्या निमेकला तो ५०० गॅमा आहे, आपल्यासारख्या खालच्या अक्षांशांवर त्याहून बराच कमी. शांत रेघ जिने पाठ केली आहे तिला यात काही कठीण नाही. जिने केली नाही तिचे सगळे आकडे दुपारी एकाने जास्त येतात.

बाहेरून फोन येतील. पत्रकार विचारतील, वादळ किती मोठं? तेव्हा आपल्या एकट्या वेधशाळेचा आकडा जगाचा म्हणून देऊ नकोस. जगाचा आकडा डीएसटी. काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि हर्मानस या चार ठिकाणांच्या एचवरून तो तासातासाला काढतात आणि क्योतोहून जाहीर करतात. त्या क्योतोच्या ऋणनिर्देशात अलिबागचंही नाव असतं, ते एकदा बघून घे, बरं वाटेल. उणे ५० च्या खाली गेलं की मध्यम, उणे १०० च्या खाली तीव्र, असा साधा रिवाज आहे. १३-१४ मार्च १९८९ ला तो उणे ५८९ झाला होता. त्या वादळात कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख माणसं नऊ तास अंधारात होती. मे २०२४ ला तो उणे ४०० च्या पलीकडे गेला. पण लक्षात ठेव, पहिला जाहीर झालेला आकडा तात्पुरता असतो. चारही ठिकाणच्या बेसलाइन पक्क्या झाल्या की तो सरकतो. फोनवर तात्पुरता हा शब्द दोनदा म्हण, म्हणजे छापताना निदान एकदा तरी राहील.

आता अवकाशात यानं आहेत, मग जमिनीवर कशाला मोजायचं, असंही कुणी विचारेल. आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवर उभं आहे आणि त्यावर मॅग्नेटोमीटरही आहे. झोत येतोय आणि त्याचं क्षेत्र कुठे वळलं आहे, हे ते अर्धा-पाऊण तास आधी सांगतं. तो झोत पृथ्वीवर आल्यावर जमिनीत आणि तारांत काय घडलं, ते जमिनीवरच मोजावं लागतं. आणि १८४६ पासूनची अखंड मालिका कुठल्याच यानाकडे नाही. योगायोग असा की १८५९ चं ते वादळ आलं त्याच तारखेला, २ सप्टेंबरला, २०२३ मध्ये आदित्य-एल१ सुटलं.

वादळ ओसरताना पहारा सोडू नकोस. पहिल्या दिवशी रेघ भराभर वर येते, मग चाल मंदावते आणि जुन्या उंचीला पोचायला कित्येक दिवस लागतात. या काळात घेतलेला दिवस शांत म्हणून वापरू नकोस, कितीही सपाट दिसला तरी. तो खालच्या पातळीवर सपाट असतो.

शेवटचं काम भिंतीवरच्या कॅलेंडरवर. सूर्य पृथ्वीवरून पाहिला तर साधारण सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो. वादळ अचानक धक्का देऊन न येता हळूहळू चढलेलं आणि मध्यम ताकदीचं असेल, तर ते बहुतेक सूर्यावरच्या किरीट-विवरातून सुटलेल्या वेगवान वाऱ्याचं असतं, आणि तेच विवर सत्तावीस दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. चैत्र आणि आश्विनाच्या आसपास, दिवस-रात्र सारखे असताना, अशी वादळं जास्त चावतात. तेव्हा सत्तावीस दिवस मोजून पेन्सिलीने खूण कर, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात ऍब्सोल्यूट, बॅटऱ्या आणि घड्याळ तपासून ठेव. मोठा धक्का देऊन आलेल्या वादळासाठी मात्र ही खूण करू नकोस. ते एकदाच येतं.